झाकणं आणि खोटं सांगणं

परवा स्वाध्यायात सत्याणुव्रताचे अतिचार चालले होते. पाचही नावं लहानपणापासून पाठ, पण या वेळी दोन नावांपाशी अडले. रहोभ्याख्यान म्हणजे दुसऱ्याचं एकांतातलं चव्हाट्यावर आणणं, आणि कूटलेखक्रिया म्हणजे खोटा कागद करणं. एकाच व्रताचे हे दोन दोष. मग राज्य चालवणाऱ्या माणसाचं झाकावं किती आणि उघडं करावं किती?

मला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा मितराँ आठवले. त्यांच्या आधी 1974 मध्ये पाँपिदू पदावर असतानाच वारले. त्यांचा आजार लोकांपासून लपवला होता. म्हणून मितराँनी वचन दिलं, माझ्या तब्येतीचा अहवाल मी नियमित देईन. 1981 च्या मे महिन्यात ते निवडून आले, आणि नोव्हेंबरात कर्करोग निघाला, तोही हाडांपर्यंत गेलेला. तरी त्यांचे डॉक्टर क्लोद गुब्लेर दर सहा महिन्यांनी ‘प्रकृती ठीक’ अशा कागदावर सही करत राहिले. लोकांना कळलं ते सप्टेंबर 1992 मध्ये, शस्त्रक्रियेनंतर. म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं!

याच माणसाचं आणखी एक गुपित होतं, लग्नाबाहेरची मुलगी. 1974 साली जन्मलेली ही पोर वीस वर्षांची होईपर्यंत जगाला दिसली नाही. 1994 मध्ये एका साप्ताहिकानं बापलेकीचा फोटो छापला. पुष्कळांना ते आवडलं नाही. मलाही वाटतं, त्या लेकराचा काय गुन्हा? पण हे घर सांभाळलं सरकारी खर्चानं, आणि हे गुपित फुटू नये म्हणून एका लेखकाचे फोनही चोरून ऐकले गेले. घरातली गोष्ट तिथं घराची राहिली नाही बघा.

जानेवारी 1996 मध्ये मितराँ गेले आणि थोड्याच दिवसांत डॉक्टरांनी सगळं पुस्तकात लिहिलं. कोर्टानं बंदी घातली. 2004 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं सांगितलं की घरचे शोकात असताना तात्पुरती बंदी योग्य होती, पण ती पुढे कायम ठेवणं चूक. निकाल मला पटतो. पण डॉक्टरांचं मात्र दोन्हीकडून चुकलं. बोलू नये ते बोलले, आणि लिहू नये ते अकरा वर्षं लिहिलं.

दुसऱ्याला नावं ठेवणं सोपं. आमचे मामंजी एका पतसंस्थेचे चेअरमन होते. अर्धांगाचा हलका झटका आला, आणि मग नावं विसरू लागले. कागद पुढे धरून, ‘इथं सही करा’ म्हणत बोट मीच ठेवायची. घराची अब्रू, दुसरं काय! एकदा शेजारच्या काकू आल्या. नवऱ्याच्या माघारी आलेला सगळा पैसा त्यांनी तिथंच ठेवलेला. म्हणाल्या, “तुझे मामंजी तिथं बसलेत म्हणून मला झोप लागते गं. बरे आहेत न्हवं?” मी म्हटलं, “उत्तम आहेत.”

संस्था बुडाली नाही, कुणाचा पैसा गेला नाही. वर्षअखेरीला सासूबाईंनी हट्टच धरला आणि मामंजींनी पद सोडलं. पण ते ‘उत्तम आहेत’ माझ्या घशात अजून अडकलेलं आहे.

मामंजींना अंघोळ कोण घालतं, रात्री ते का रडतात, हे काकूंना सांगायची गरज नव्हती. ते सांगणं म्हणजे रहोभ्याख्यान. पण ज्या हातावर त्यांची झोप होती तो हात आता दुसऱ्याच्या बोटानं चालतो, हे कळण्याचा त्यांना हक्क होता. त्यांची ठेव नुसत्या पैशाची नव्हती, विश्वासाची होती. अतिचारांत न्यासापहारही आहेच की, ठेव गिळणं!

राष्ट्राध्यक्षालाही हेच माप. त्याचं प्रेम, त्याचं दुःख, त्याचं लेकरू त्याचं असू दे. फक्त त्यासाठी जनतेचा पैसा आणि सत्ता वापरू नये. पण काम करणारं शरीर आणि डोकं लोकांनी भरवशावर सोपवलेल्या कामाला बांधलेलं. ते झाकायचंच असेल तर एक प्रामाणिक वाट आहे, खुर्ची सोडावी. खाली उतरलेल्या माणसाला गप्प बसायचा पूर्ण अधिकार आहे. खुर्चीवर बसून ‘उत्तम आहे’ असं लिहून द्यायचा नाही.

काकू आता नाहीत. प्रतिक्रमणाला बसले की त्यांचा तो प्रश्न आठवतो, आणि दर वेळी मी मनातल्या मनात खरं उत्तर देते.