स्वतःसाठी उभे अक्षर, दुसऱ्यासाठी उभे अक्षर

कमांड-लाइनवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक आज्ञेचा नमुना एका ओळीत दिलेला असतो. त्या ओळीत दोन जातींची अक्षरे शेजारीशेजारी बसतात. काही अक्षरे दिसतात तशीच टाइप करायची असतात. काही मात्र टाइप करायचीच नसतात. त्यांच्या जागी वाचकाने आपल्या फाइलचे नाव किंवा आपल्याला हवा तो आकडा घालायचा असतो. युनिक्सच्या परंपरेत पहिली जात ठळक आणि दुसरी तिरकी किंवा अधोरेखित छापतात. चौकटी कंसातला भाग ऐच्छिक समजायचा, उभ्या रेघेने वेगळ्या केलेल्या पर्यायांतला एकच घ्यायचा, तीन टिंबांआधीचा भाग हवा तितक्यांदा द्यायचा. ओळीच्या आरंभीचे $ हे चिन्ह आज्ञेचा भाग नसते. शेल, म्हणजे आज्ञा वाचून ती चालवणारा प्रोग्रॅम, आज्ञेची वाट पाहत आहे एवढेच ते सांगते. हे सारे छपाईचे किरकोळ संकेत वाटतात. पण त्यांच्या मुळाशी भाषेच्या तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न आहे: समोरचा शब्द स्वतःविषयी बोलतो आहे की दुसऱ्या कशाविषयी, हे वाचणाऱ्याला कळते कशावरून?

या प्रश्नाला पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादात उत्तर दिले आहे. पतंजली महाभाष्यात त्याची पार्श्वभूमी सांगतो. लोकव्यवहारात शब्द उच्चारला की अर्थ कळतो. गाय आणायला सांगितले तर जनावर आणले जाते. व्याकरणात हे चालत नाही. अग्नी शब्दाला प्रत्यय लावायचा असे सूत्र असेल, तर तो प्रत्यय निखाऱ्याला लागणार नाही, शब्दालाच लागेल. म्हणून पाणिनीचा नियम असा, की या शास्त्रात शब्द आला म्हणजे त्याचे स्वतःचे रूप घ्यावे. शास्त्राने मुद्दाम ठरवलेल्या संज्ञा तेवढ्या याला अपवाद. वृद्धी हा शब्द आला की आ, ऐ, औ हे स्वर घ्यायचे, तो शब्द नव्हे. मॅन्युअलमधल्या ठळक आणि तिरक्या अक्षरांची हीच विभागणी आहे.

युरोपात हा भेद काटेकोर झाला तो तर्कशास्त्रामुळे. गोटलोब फ्रेगेने 1893 च्या आपल्या ग्रंथात चिन्हाविषयी बोलताना ते अवतरणात घालण्याची शिस्त पाळली. क्वाइनने 1940 मध्ये शब्द वापरणे आणि शब्दाचा उल्लेख करणे यांतला फरक तर्कशास्त्राच्या पायाशी ठेवला. नागपूर हे शहर आहे, पण ‘नागपूर’ ही चार अक्षरे आहेत. क्वाइनची आणखी एक युक्ती इथे अधिक जवळची आहे. अवतरणात घातलेले सगळेच गोठते, पण तर्कशास्त्रज्ञाला अनेकदा अर्धे गोठवून अर्धे मोकळे ठेवायचे असते. त्यासाठी त्याने कोपऱ्यांच्या आकाराची वेगळी अवतरणे योजली. मॅन्युअलमधला आज्ञेचा नमुना नेमका तसा, अर्धा गोठलेला असतो.

संगणकाच्या जगात ही कल्पना व्याकरणाच्या वाटेने आली. अल्गोल 60 या भाषेच्या अहवालात, जॉन बॅकस यांच्या पद्धतीने, बदलता येणारे घटक < > अशा कंसांत लिहिले होते. ही पद्धत पाणिनीच्या नियमांशी इतकी मिळतीजुळती आहे, की तिला पाणिनी-बॅकस रूप म्हणावे अशी सूचना पी. झेड. इंगरमन यांनी 1967 मध्ये केली होती. साम्य याहूनही खोल आहे. खूण ठेवायची कुठे, या अडचणीशीही दोन्ही परंपरा झुंजल्या आहेत.

पाणिनीने दोन प्रकारच्या खुणा वापरल्या. काही खुणा म्हणजे अक्षरेच. क्त या प्रत्ययातला क् रूपात उतरत नाही. धातूच्या स्वराला गुण होऊ द्यायचा नाही, म्हणजे ऋ चा अर् करायचा नाही, एवढे सांगून तो लोप पावतो, म्हणून कृ पासून कृत होते. दुसऱ्या प्रकारच्या खुणा उच्चारात होत्या. ज्या स्वराचा लोप करायचा तो अनुनासिक उच्चारायचा. ज्या पदाचा अधिकार पुढच्या सूत्रांवर चालवायचा ते स्वरित स्वराने दाखवायचे. अक्षररूप खुणा आजही जशाच्या तशा आहेत. उच्चारातल्या खुणा मात्र परंपरेने हाती आलेल्या पाठात टिकल्या नाहीत, आणि कुठला स्वर अनुनासिक होता हे वैयाकरणांच्या शब्दावर मानावे लागते.

ठळक आणि तिरके टाइप म्हणजे छपाईतले असेच स्वर आहेत. मजकूर साध्या अक्षरांत उतरवला की ते गळून पडतात आणि दोन्ही जातींची अक्षरे एकसारखी होतात. टिकले तरी त्यांचा अर्थ पालटू शकतो. युनिक्सच्या 3 नोव्हेंबर 1971 च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये अधोरेखित शब्द जसेच्या तसे टाइप करायचे होते. पुढच्या आवृत्त्यांत ते काम ठळक टाइपाकडे गेले, आणि आजच्या टर्मिनलवर अधोरेखित शब्द म्हणजे बहुधा बदलायचा शब्द. तीच रेघ आता नेमके उलट सांगते.

मग खूण अक्षरांतच का ठेवू नये? कारण तिथे ती आज्ञेचा भाग म्हणून वाचली जाते, आणि शेल माणसासारखा संदर्भ पाहत नाही. शेलमध्ये < म्हणजे पुढच्या फाइलमधून वाच आणि > म्हणजे पुढच्या फाइलमध्ये लिही, तेही जुना मजकूर पुसून. नवख्या वाचकाने कंसांसह नमुना उतरवला, कंसातल्या नावाची फाइल खरोखरच असली आणि बंद कंसापुढे दुसऱ्या फाइलचे नाव असले, तर त्या दुसऱ्या फाइलचा मजकूर नाहीसा होतो. चौकटी कंसालाही शेलमध्ये स्वतःचा अर्थ आहे, [ या नावाची एक आज्ञाच आहे. शिवाय शेलची स्वतःची अवतरणे आहेत: एकेरी अवतरणातले $ हे चिन्ह स्वतःपुरते उरते, अवतरणाबाहेर ते चलाच्या किमतीकडे बोट दाखवते. म्हणूनच सुबक दिसावे म्हणून सरळ अवतरणे वळणदार करणारे किंवा दोन हायफनची एक लांब रेघ करणारे सॉफ्टवेअर आज्ञा बिघडवते. वाचकाला ते चिन्ह तेच वाटते. शेलच्या लेखी ते निराळेच अक्षर असते.

खूण अक्षरांबाहेर ठेवली तर हरवते, आत ठेवली तर अक्षरांत मिसळते. या पेचातून पूर्ण सुटका नाही, पण काही वाटा इतरांहून चांगल्या आहेत. लेखकाने मूळ मजकुरात ‘हे ठळक’ असे न लिहिता ‘हे बदलायचे’ असे लिहावे आणि रूप नंतर ठरू द्यावे. वेबपानांच्या एचटीएमएलमध्ये टाइप करायच्या मजकुरासाठी आणि चलासाठी वेगवेगळे टॅग आहेत. तरीही स्क्रीन रीडरने ऐकणाऱ्या वाचकापर्यंत ठळकपणा सहसा पोचत नाही. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या प्रोग्रॅममध्ये बदलायचे शब्द कॅपिटल अक्षरांत देण्याची रीत आहे. ती साध्या मजकुरातही टिकते, म्हणून अधिक भरवशाची.

मराठीत मॅन्युअल लिहिणाऱ्याला ही शेवटची वाट बंद आहे, कारण देवनागरीला कॅपिटल अक्षरे नाहीत. तिरकी देवनागरी डोळ्याला परकी वाटते आणि अधोरेखा उकारांना व हलन्ताला छेदते. पण मराठी लेखकाजवळ एक सोय आहे, जी इंग्रजी लेखकाजवळ नाही. आज्ञा रोमन लिपीत आणि बदलायचा शब्द देवनागरीत लिहिला, तर लिपीच खूण होते. ती साध्या मजकुरात टिकते, शेलच्या कुठल्याही चिन्हाशी भांडत नाही, आणि दोन्ही लिप्या वाचणाऱ्या स्क्रीन रीडरवर ऐकूही येते. फाइलचे खरे नावच देवनागरीत असेल तिथे ती कमी पडते. तेवढ्यापुरता नमुन्याखाली एका वाक्याचा खुलासा द्यावा लागतो.