मंदीआधी काढलेले कर्ज

मोटार बनवणारी कंपनी मंदीत का बुडते, या प्रश्नाला ‘गाड्या खपत नाहीत म्हणून’ असे उत्तर सर्रास दिले जाते. ते खोटे नसले तरी अपुरे आहे, कारण खप पाचव्या हिश्श्याने घटला तरी किराणा मालाचे दुकान कसेबसे तग धरते आणि मोटार कंपनी मात्र काही महिन्यांत दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येते. या फरकाचे मूळ पैशाच्या फिरण्यात आहे. गाडी कारखान्याबाहेर पडली की विक्रेत्याकडून, किंवा त्याला कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेकडून, तिचे पैसे कंपनीच्या हाती पडतात. त्या गाडीत बसवलेल्या काचा, आसने, गिअर आणि वायरिंग यांची बिले मात्र पुरवठादारांना दीड-दोन महिन्यांनी चुकती करायची असतात. म्हणजे भरभराटीच्या काळात कंपनी पुरवठादारांच्या पैशांवर चालते. उत्पादन एकदम घटले की चक्र उलटे फिरते: येणारा पैसा आटतो, पण दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या मालाची देणी ठरल्या तारखेला दारात उभी राहतात. ताळेबंदात तोटा दिसण्याच्या आधीच तिजोरी रिकामी होऊ लागते. त्यात कारखान्यांचा घसारा, कर्जाचे व्याज, कायम कामगारांचे वेतन हे खर्च उत्पादन कमी झाले म्हणून कमी होत नाहीत, त्यामुळे ज्या विक्रीला ना नफा ना तोटा अशी स्थिती येते ती पातळी या उद्योगात फार वर असते.

दुसरा पेच काळाचा आहे. नव्या गाडीची कल्पना कागदावर उतरल्यापासून ती विक्रीला येईपर्यंत साधारण तीन ते चार वर्षे जातात, तर मंदी बहुधा दीड-दोन वर्षांत ओसरते. मंदी आली म्हणून नव्या गाड्यांवरचा खर्च थांबवला, तर बाजार सावरतो त्याच वेळी कंपनीच्या दालनात जुन्याच गाड्या उरतात आणि तेजीचा लाभ प्रतिस्पर्धी घेऊन जातो. खर्च चालू ठेवावा, तर आज पगाराला पैसे नाहीत. मोटार कंपनीच्या प्रमुखाची कसोटी या कात्रीत लागते, आणि तीतून सुटण्याचा मार्ग बहुतेक वेळा मंदी येण्याआधीच खुला असतो.

अमेरिकेच्या फोर्ड मोटर कंपनीचा २००६ ते २०१० हा काळ या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. २००६ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६० लाखांहून अधिक वाहने विकली गेली, म्हणजे बाजार उत्तम होता. तरीही फोर्डला त्या वर्षी सुमारे १२.६ अब्ज डॉलर तोटा झाला. तो कंपनीच्या तोवरच्या इतिहासातील सर्वांत मोठा होता आणि मंदीशी त्याचा काही संबंध नव्हता. कंपनीचा नफा पिकअप ट्रक आणि मोठ्या एसयूव्ही या मोजक्या वाहनांवर विसंबून होता, आणि पेट्रोल महागताच ग्राहक त्यांच्याकडे पाठ फिरवू लागले. निवृत्त कामगारांच्या आरोग्यविम्याचे ओझे वर्षानुवर्षे साचले होते. काम नसतानाही कामगारांना जवळजवळ पूर्ण वेतन देण्याचा संघटनेशी झालेला करार असल्यामुळे मजुरी हा खर्चदेखील स्थिर होऊन बसला होता. संस्थापक हेन्री फोर्ड यांचे पणतू बिल फोर्ड तेव्हा कंपनीचे प्रमुख होते. सप्टेंबर २००६ मध्ये त्यांनी मुख्य कार्यकारी पद आपण होऊन सोडले आणि बोइंग या विमाने बनवणाऱ्या कंपनीतील अॅलन मुलाली यांना त्या जागी आणले. घराण्याच्या हाती सुमारे ४० टक्के मताधिकार असताना घरच्याच माणसाने बाहेरच्यासाठी खुर्ची रिकामी करावी, ही घटना मुलाली यांच्या कौतुकात बरेचदा झाकली जाते. वास्तविक या साऱ्या कथेतील पहिला कठीण निर्णय तो होता.

त्या वर्षाच्या अखेरीस फोर्डने बँका आणि रोखेबाजार यांच्याकडून सुमारे २३.५ अब्ज डॉलर उभे केले. त्यासाठी कारखाने, पेटंट, उपकंपन्यांतील हिस्से आणि निळ्या लंबवर्तुळातील ‘फोर्ड’ हे बोधचिन्हसुद्धा तारण ठेवावे लागले. घरातले दागिने गहाण टाकण्याचाच हा प्रकार, असे तेव्हा अनेकांना वाटले. दोन वर्षांनी जगभरच्या बँकांनी हात आखडते घेतले, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांना कोणी दारात उभे करेना, तेव्हा हेच कर्ज दूरदृष्टीचा नमुना ठरले. हा गौरव थोडा तपासून घ्यायला हवा. २००८ चे अरिष्ट फोर्डमध्ये कोणी आधी ओळखले होते असे मानायला आधार नाही. पैसा मुख्यतः कंपनीच्या पुनर्रचनेसाठी आणि ती चालू असताना होणाऱ्या तुटीसाठी हवा होता. मात्र मंदी किंवा अन्य अनपेक्षित प्रसंग उद्भवला तर गंगाजळी असावी, हेही कारण कर्ज काढताना कंपनीने उघडपणे सांगितले होते. म्हणून याला भविष्यवेध म्हणण्यापेक्षा स्वतःच्या दुबळेपणाचा प्रामाणिक हिशेब म्हणणे अधिक योग्य होईल. जनरल मोटर्सची प्रकृतीही तेव्हा फारशी वेगळी नव्हती. तिने तो हिशेब उशिरा मांडला.

कर्जाने वेळ विकत मिळतो. त्या वेळाचे काय करायचे हे कर्ज सांगत नाही. फोर्डमध्ये या वेळाचा उपयोग आधी बातमी वरपर्यंत पोचवण्यासाठी झाला. मुलाली यांनी दर गुरुवारी सकाळी सर्व विभागप्रमुखांची आढावा बैठक सुरू केली. प्रत्येकाने आपल्या कामाची स्थिती रंगांनी दाखवायची: हिरवा म्हणजे ठरल्याप्रमाणे, पिवळा म्हणजे अडचण आहे पण उपाय हाती आहे, लाल म्हणजे अडचण आहे आणि उपाय सापडलेला नाही. पहिले काही आठवडे सारे तक्ते हिरवेगार येत राहिले. अब्जावधी डॉलर बुडत असलेल्या कंपनीत एकाही विभागाला अडचण नव्हती! याचे कारण जुन्या रिवाजात होते, कारण वरिष्ठांपुढे उणीव कबूल करणे म्हणजे सहकाऱ्यांच्या हाती कोलीत देणे असा तेथील अनुभव होता. मग अमेरिका विभागाचे प्रमुख मार्क फील्ड्स यांनी एके दिवशी लाल रंग दाखवला. कॅनडातील ओकव्हिल येथे तयार होणाऱ्या ‘एज’ या नव्या गाडीच्या मागच्या दारात दोष आढळला होता आणि त्यांनी गाडीची रवानगी थांबवली होती. बैठकीत शांतता पसरली आणि मुलाली यांनी टाळ्या वाजवल्या. या अडचणीत कोण मदत करू शकेल, असे त्यांनी विचारताच दुसऱ्या विभागांतून सूचना आल्या. पुढच्या काही आठवड्यांत तक्त्यांवर पिवळे आणि लाल रंग भरभरून दिसू लागले.

व्यवस्थापनाच्या वर्गांत हा प्रसंग इतक्यांदा सांगितला गेला आहे की त्याची धार बोथट झाली आहे. तो सहसा ‘मोकळेपणाचे महत्त्व’ म्हणून शिकवला जातो. त्याचा आर्थिक अर्थ मात्र अधिक टोकदार आहे. ज्या कंपनीची रोकड दर तिमाहीला अब्जांनी घटते आहे, तिच्यात दोष तीन महिने दडून राहणे म्हणजे तीन महिन्यांचे कर्ज वाया जाणे होय. मागच्या दाराचा दोष घेऊन गाड्या बाजारात गेल्या असत्या, तर त्या परत बोलावण्याचा खर्च तारण ठेवून आणलेल्या त्याच पैशांतून झाला असता.

मुलाली यांचे दुसरे काम विक्रीचे होते, आणि तेही कंपन्यांच्या विक्रीचे. फोर्डने १९८९ मध्ये जग्वार, १९९९ मध्ये व्होल्वोचा मोटार विभाग आणि २००० मध्ये लँड रोव्हर अशी खरेदी केली होती. युरोपातील प्रतिष्ठित नावे हाती आली की नफा वाढेल, हा त्यामागचा विचार कागदावर ठीक होता. प्रत्यक्षात या नावांवर पैसा खर्च होत राहिला आणि मूळ फोर्ड गाड्यांकडे दुर्लक्ष झाले. २००७ मध्ये आधीपासून हाती असलेली अॅस्टन मार्टिन, २००८ मध्ये जग्वार आणि लँड रोव्हर, २०१० मध्ये व्होल्वो विकली गेली. माझ्दा या जपानी कंपनीतील हिस्साही घटवला गेला. व्होल्वोसाठी मोजलेले सुमारे ६.४५ अब्ज डॉलर आणि चीनच्या जीलीशी ठरलेले १.८ अब्ज डॉलर यांतला फरक पाहिला की या शहाणपणाची किंमत कळते. याच काळात जगभर एकाच सांगाड्यावर एकच गाडी विकायची, ‘वन फोर्ड’ या नावाने ओळखले गेलेले हे धोरण पुढे रेटले गेले आणि नव्या गाड्यांवरचा खर्च मंदीतही चालू राहिला.

२००८ हे वर्ष कसे गेले हे एका आकड्यावरून समजते. वर्षाच्या प्रारंभी मोटार विभागाकडे ३४.६ अब्ज डॉलर रोकड होती, अखेरीस १३.४ अब्ज उरली. तारण ठेवून आणलेली रक्कम जवळजवळ एका वर्षात जळाली, असाच याचा अर्थ. नोव्हेंबरमध्ये फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या तिन्ही कंपन्यांचे प्रमुख खासगी विमानांनी वॉशिंग्टनला मदत मागायला गेले आणि त्यांची छी-थू झाली. डिसेंबरमध्ये तेच लोक मोटारीने गेले. फोर्डने तातडीची रक्कम न मागता गरज पडल्यास ९ अब्ज डॉलरपर्यंत कर्ज मिळावे एवढीच विनंती केली, ते कर्ज पुढे उचललेही नाही, पण प्रतिस्पर्ध्यांना मदत मिळावी म्हणून साक्ष दिली. हे औदार्य नव्हते. तिन्ही कंपन्यांचे पुरवठादार बव्हंशी एकच होते. जनरल मोटर्स अव्यवस्थितपणे कोसळली असती तर आसने आणि ब्रेक बनवणारे कारखाने बंद पडून फोर्डची उत्पादनसाखळीही थांबली असती. १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, क्रायस्लरने तो महिनाभर आधीच केला होता. ‘सरकारी पैसा न घेता वाचलेली कंपनी’ ही फोर्डची ख्याती मात्र अर्धसत्य आहे. २००९ मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याने कमी इंधनाच्या गाड्यांसाठी फोर्डला ५.९ अब्ज डॉलर कर्ज मंजूर केले आणि ‘फोर्ड क्रेडिट’ या तिच्या वित्तशाखेने फेडरल रिझर्व्हच्या आणीबाणीतील योजनांचा आधार घेतला.

या सावरण्याचा मोठा भाग कामगारांनी पेलला, याचा उल्लेख प्रशस्तिपर लेखनात ओझरता येतो. २००६ मध्येच सुमारे ३८,००० कामगारांनी नुकसानभरपाई घेऊन नोकरी सोडण्यास संमती दिली. २००७ च्या करारान्वये निवृत्तांच्या आरोग्यखर्चाची जबाबदारी संघटनेच्या देखरेखीखालील स्वतंत्र विश्वस्त निधीकडे गेली आणि नव्याने भरती होणाऱ्यांना जुन्यांच्या सुमारे निम्मा, तासाला १४ डॉलरच्या आसपास, दर ठरला. शेजारी शेजारी उभे राहून एकच काम करणाऱ्या दोघांना वेगळे वेतन देणारी ही दुहेरी श्रेणी पुढे २०२३ च्या मोठ्या संपात कळीचा मुद्दा बनली. संकट ओसरल्यावरही सवलत तशीच ठेवणे हे नेतृत्वाचे अपयश होते, असेच म्हटले पाहिजे.

फोर्ड २००९ मध्ये नफ्यात आली, २०१२ मध्ये तिची पत सुधारली आणि बोधचिन्ह तारणातून सुटले. मुलाली २०१४ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले मार्क फील्ड्स, म्हणजे पहिला लाल रंग दाखवणारे गृहस्थ, तीन वर्षांत पायउतार झाले.

जग्वार आणि लँड रोव्हर ज्यांनी घेतली त्यांची परीक्षा अधिक कठोर होती, कारण त्यांच्याकडे वेळ नव्हता. टाटा मोटर्सने २ जून २००८ रोजी २.३ अब्ज डॉलर देऊन हा व्यवहार पूर्ण केला, तोही पंधरा महिन्यांत फेडायच्या ३ अब्ज डॉलरच्या अल्पमुदतीच्या कर्जावर. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक कोसळली. फोर्डने मंदीआधी दीर्घ मुदतीचे कर्ज काढले होते, टाटांनी मंदीच्या तोंडावर अल्प मुदतीचे. भागधारकांना देऊ केलेल्या हक्कभागांना थंड प्रतिसाद मिळाला आणि प्रवर्तकांनाच मोठा वाटा उचलावा लागला. २००८-०९ मध्ये कंपनीला एकत्रित २,५०५ कोटी रुपये तोटा झाला. त्याच सुमारास देशातील ट्रकविक्रीही गडगडली. पिंपरीच्या कारखान्यात ‘ब्लॉक क्लोजर’ म्हणजे सलग काही दिवस उत्पादनबंदी जाहीर झाली, आणि ज्यांचे सारे काम एका मोठ्या गिऱ्हाइकावर चालते अशा भोसरी-चिंचवडच्या छोट्या वर्कशॉपना सुरुवातीला वर्णिलेल्या पैशाच्या उलट्या चक्राचे दुसरे टोक सोसावे लागले.

तरीही नव्या गाड्यांचे काम थांबवले गेले नाही. २०११ मध्ये आलेली ‘इव्होक’ लोकप्रिय झाली, चीनमधून मागणी वाढली आणि २०१०-११ मध्येच जग्वार लँड रोव्हरचा करपूर्व नफा एक अब्ज पौंडांच्या वर गेला. या यशाचे श्रेय देताना एक नोंद आवश्यक आहे. ‘इव्होक’चा नमुना जानेवारी २००८ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात मांडला गेला, तेव्हा कंपनी फोर्डच्या मालकीची होती, जग्वारची ‘एक्सएफ’ही फोर्डच्याच काळात तयार झाली. टाटांनी ती झाडे लावली नव्हती, पण दुष्काळात त्यांना पाणी देणे थांबवले नाही, आणि अल्पमुदतीच्या कर्जाची तारीख डोक्यावर असताना ते करणे सोपे नव्हते.

महाराष्ट्रात या व्यवहाराकडे सूडकथा म्हणून पाहण्याची हौस दिसते. १९९९ मध्ये इंडिका या मोटारीचा व्यवसाय फोर्डला विकायला डेट्रॉइटला गेलेल्या रतन टाटांचा अपमान झाला आणि नऊ वर्षांनी त्यांनी फोर्डकडूनच कंपनी घेऊन तो फेडला, असा किस्सा मोबाइलवर फिरत असतो. मानी माणसाला तो भावतो, परंतु त्यातून ना कर्जाची मुदत कळते, ना रोकडीचे गणित. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाल्याचे सांगून भारतातील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, आणि जानेवारी २०२३ मध्ये गुजरातमधील साणंदचा तिचा कारखाना टाटा मोटर्सच्या उपकंपनीने ७२५ कोटी ७० लाख रुपयांना घेतला, तेव्हा या किस्स्याला दुसरा अध्याय जोडला गेला. हिशेबाच्या वहीत पाहिले तर दोन्ही वेळी विकणाराही बरोबर होता आणि घेणाराही: २००८ मध्ये फोर्डला रोकड हवी होती आणि टाटांना जागतिक बाजारातले नाव, २०२३ मध्ये फोर्डला तोट्यातून सुटका हवी होती आणि टाटांना उभा कारखाना.