अलीकडचे आणि पलीकडचे

लॅटिन ही मेलेली भाषा आहे म्हणतात. पण म्हातारा गेल्यावर त्याच्या पितळी तांब्यावरून जशी मुलं भांडतात, तशी ह्या भाषेच्या एकेका उपसर्गावरून जिवंत माणसं भांडत असतात. सध्या वाटणीत सापडलेला तांब्या म्हणजे 'सिस'. अर्थ अगदी गरीब : 'अलीकडचा'. त्याचा जोडीदार 'ट्रान्स', म्हणजे 'पलीकडचा'. आपलं ऐलतीर आणि पैलतीर, तशीच ही जोडी.

आल्प्सच्या दक्षिणेला राहणाऱ्या गॉल लोकांच्या मुलखाला रोमनांनी नाव दिलं 'सिसाल्पाइन गॉल'. अलीकडचा, पण कुणाच्या? अर्थात रोमच्या! आजचं मिलान शहर ह्याच मुलखात येतं. आपण 'अलीकडे' राहतो, हे तिथल्या मंडळींना रोमन येईपर्यंत ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पुढे हीच विद्या इंग्रजांनी उचलली. 1809 साली अमृतसरचा तह झाला आणि पतियाळा, नाभा, जिंद वगैरे संस्थानं कंपनीच्या छत्राखाली आली. त्यांचं नाव पडलं 'सिस-सतलज' संस्थानं. कलकत्त्याहून पाहिलं तर ही सतलजच्या अलीकडची. लाहोरला रणजितसिंगांच्या गच्चीवरून पाहिलं तर तीच पलीकडची. पतियाळाचा माणूस आपला पतियाळातच!

तेव्हा भूगोलातल्या 'अलीकडे'मध्ये कुणीतरी उभं असतं, आणि त्याच्या एका हातात नकाशा असला तर दुसऱ्या हातात बहुधा बंदूक असते.

रसायनशास्त्रात मात्र कुणीच उभं नसतं. कार्बनच्या दोन अणूंमधला दुहेरी बंध ही नदी समजा. दोन गट एकाच काठाला असले तर 'सिस', समोरासमोरच्या काठांना असले तर 'ट्रान्स'. संपलं. आपला काठ कुठला, हा प्रश्नच नाही. गंमत म्हणजे तेलातला सिस रेणू वाकडा असतो आणि ट्रान्स सरळ. सरळ रेणू शाळेतल्या कवायतीसारखे दाटीनं उभे राहतात आणि तूप थिजायला हातभार लावतात. पण ही शिस्त हृदयाला मानवत नाही. म्हणून 2022 पासून आपल्याकडे तेला-तुपातल्या कारखानी ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे. मग ट्रान्स वाईट म्हणायचं? थांबा. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश पडतो तेव्हा रेटिनाल नावाचा रेणू सिसचा ट्रान्स होतो, आणि तिथूनच आपलं दिसणं सुरू होतं. हे वाक्य तुम्ही वाचलंत ते त्याच्याच कृपेनं. एकूण काय, रेणूंवरून माणसांची चालचलणूक ठरवायला जाऊ नये.

आता माणसं. जन्मताना सुईणीनं किंवा डॉक्टरनं सांगितलेलं लिंग आणि माणसाची स्वतःला आतून पटलेली ओळख, ही दोन्ही एकाच काठावर असली तर माणूस 'सिसजेंडर'. वेगवेगळ्या काठांवर असली तर 'ट्रान्सजेंडर'. 'सिसजेंडर' हा शब्द 1990 च्या दशकात चलनात आला आणि 2015 साली ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसला. नीट पाहिलंत तर ह्यातला अर्थ रसायनवाल्यांचा आहे. दोन गोष्टी एका काठाला आहेत की नाहीत, एवढंच तो सांगतो. आपण मात्र तो रोमन कानांनी ऐकतो आणि बिथरतो.

आमचे एक स्नेही असेच बिथरले. म्हणाले, "अहो, मी साधा पुरुष. मला हे बिरूद कशाला?"

त्यांची तक्रार मी हसण्यावारी नेत नाही. न विचारता चिकटवलेलं नाव टोचतंच. पतियाळावाल्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. पण त्यांच्या वाक्यातला खरा चावणारा शब्द 'सिस' नव्हे, तर 'साधा' आहे. साधा डोसा म्हटलं की बाकीच्या डोशांत काहीतरी भरलेलं असणार, हे ओघानंच आलं. मी साधा, म्हणजे समोरचा कोण? त्याला नाव हवं, मला नको. कारण मी रोममध्ये उभा!

आणि नावं ठेवण्यात आपण मराठी माणसंही मागे नाही. 'तृतीयपंथी' हा शब्द आपण अगदी सभ्य समजून वापरतो. पण तृतीय म्हणजे तिसरा. मोजायला कुणी सुरुवात केली आणि पहिला नंबर कुणी घेतला, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. 2014 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपली लिंग-ओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला, तेव्हा खरं म्हणजे हे मोजणंच त्या माणसाच्या हाती दिलं. तरी अर्जावर अजून रकाने भेटतात : पुरुष, स्त्री, इतर. आता मला सांगा, सकाळी आरशासमोर उभं राहून दाढी करताना किंवा वेणी घालताना जगातला कुठला माणूस स्वतःला 'इतर' म्हणत असेल?

नदीला काठ दोन असतात. त्यातल्या प्रत्येकावर उभा असलेला माणूस आपल्या काठाला 'अलीकडे'च म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. मला कुणी सिस म्हटलं, तर मी एवढंच समजतो की मोजणीत माझाही काठ धरला गेला. आजवर तो धरावा लागत नव्हता, ही माझी सोय होती. मोठेपणा नव्हे.