द्राक्षमळ्याबाहेर उभे राहिलेले

सामान्य काळातील पंचविसावा रविवार
शुभवर्तमान : मत्तय २०:१-१६



आजचा दाखला आपल्या भागातील माणसाला फारसा समजावून सांगावा लागत नाही. पालेस्तिनातील द्राक्षमळा आपण पाहिलेला नसेल, पण तासगाव, पलूस, मिरज, खानापूरकडच्या बागा आपल्या ओळखीच्या आहेत. फळछाटणी झाली की पुढची कामे एकामागून एक अंगावर येतात. फुटी काढायच्या, घडांची विरळणी करायची, डिपिंग करायचे, आणि फेब्रुवारी-मार्चात तोडणी व बेदाण्याचे शेड. त्यात ढग आले की मालकाचा जीव टांगणीला लागतो. बागेचे काम उद्यावर टाकता येत नाही. म्हणून येशूच्या दाखल्यातील धनी पहाटे एकदा आणि नंतर नऊ, बारा, तीन व पाच वाजता मजूर शोधायला बाजारात जातो, यात आपल्याला नवल वाटत नाही.

नवल पुढे आहे. संध्याकाळचे पाच वाजले आहेत, एक तासाने सुटी होणार आहे, आणि तरीही काही माणसे अजून बाजारात उभीच आहेत. धनी त्यांना विचारतो की दिवसभर रिकामे का उभे आहात. ते सांगतात, आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही. धनी या उत्तरावर शंका घेत नाही. तुम्ही उशिरा उठला असाल, सकाळी झाडाखाली झोपला असाल, असे काही म्हणत नाही. त्यांचे म्हणणे खरे धरून तो त्यांना मळ्यात पाठवतो. आम्हांला वाटते, या दाखल्याचा अर्धा अर्थ या छोट्या संवादात आहे, आणि आपण तो वाचताना घाईने पुढे जातो.

पाच वाजेपर्यंत कोण उरत असेल, याचा विचार करून पाहा. मजूर अड्ड्यावर सकाळी पहिल्यांदा कोणाला नेतात? तरुण आणि धडधाकट गड्याला. उरतो तो म्हातारा, पाय अधू असलेला, कडेवर मूल असलेली बाई, परगावचा अनोळखी माणूस, आणि ज्याच्या आडनावावरून त्याला मागे ठेवले जाते असा कोणी. येशूने हे तपशील सांगितलेले नाहीत, पण ज्याने अड्डा पाहिला आहे त्याला ते दिसतात.

एक दीनार म्हणजे त्या काळी एका मजुराची एका दिवसाची मजुरी. त्यात घरची चूल पेटायची. एक तास काम केलेल्याला दीनाराचा बारावा भाग दिला असता तर हिशेब बरोबर झाला असता, आणि त्याची मुले उपाशी झोपली असती. पोट काही तासांच्या हिशेबाने भूक मागत नाही. म्हणून धनी त्यालाही पूर्ण दीनार देतो. पहिल्यांची मजुरी तो कापत नाही, हेही ध्यानात घ्यावे. ठरलेले त्यांना मिळालेच आहे. त्यांचे दुःख एवढेच की शेवटच्यालाही तेवढेच मिळाले.

इथे आम्हांला आपल्याच जिल्ह्यातील एक गोष्ट सांगायची आहे. पुष्कळांना, विशेषतः तरुणांना, ती ठाऊक नाही. ज्या तासगाव तालुक्याची द्राक्षे देशभर जातात, त्याच तालुक्यात विसापूर नावाचे गाव आहे. महाराष्ट्र विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली त्या परिसरात एक प्रयोग सुरू करविला. जो कोणी अंगमेहनतीचे काम मागेल त्याला सरकारने काम द्यावे आणि त्या कामातून गावात टिकाऊ असे काही उभे राहावे, ही त्यामागची कल्पना. मागेल त्याला काम! राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. पागे यांनी ते तत्त्व एका तालुक्याच्या जमिनीवर उतरवून पाहिले. त्याच १९६५ सालच्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि त्यात काम करण्याचा माणसाचा हक्क व काम मिळवून देण्यास मदत करण्याचे समाजाचे कर्तव्य, दोन्ही सांगितले. रोमला विसापूर ठाऊक नव्हते आणि विसापूरला रोममध्ये काय चालले आहे हे ठाऊक नव्हते.

मग १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांना तो आठवतो. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांतील घरेच्या घरे कामावर गेली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर होती. गुरे मेली, विहिरी आटल्या, माणसे खंगली. पण पूर्वीच्या दुष्काळांप्रमाणे लाखोंनी माणसे भुकेने मेली नाहीत. धर्मादाय अन्नछत्रे होती आणि त्यांचे मोल मोठे आहे. तरी माणसे जगली ती मुख्यतः हाताला काम आणि कामाला दाम मिळाल्याने, हे नाकारता येणार नाही.

१९७२ साली सरकारने रोजगार हमी योजना स्वीकारली, १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा कोठून आणायचा? त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. आपल्यापैकी जे नोकरदार आहेत, शाळेत, रुग्णालयात, रेल्वेत, बँकेत, त्यांच्या पगाराच्या पावतीवर दरमहा व्यवसाय कर या नावाने काही रुपये कापलेले दिसतात. त्या कराचा जन्म माणदेशातील बाईला खडीवर काम देण्यासाठी झाला. पहाटे कामावर गेलेल्यांनी पाच वाजता आलेल्यांचा दीनार भरावा, अशीच ही व्यवस्था होती. त्या काळी कुरकुर झाली असेलही, पण कर बसला आणि टिकला.

पुढे २००५ साली संसदेने संपूर्ण देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. तासगावात रुजलेले बी देशभर गेले. वर्षाला प्रत्येक कुटुंबाला १०० दिवस काम, मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. पुरुषाला आणि स्त्रीला सारखाच मजुरीचा दर, हे तर शेतात आजही क्वचितच दिसते. तिथे बाईची हजेरी गड्यापेक्षा कमीच.

या योजनेविरुद्ध जे बोलले जाते तेही खोटे नाही, आणि प्रवचनात फक्त गोड तेवढे सांगणे आम्हांला पटत नाही. "रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही" ही म्हण काही विनाकारण पडली नाही. हजेरीपत्रकावर मेलेल्यांची नावे, न झालेल्या कामांची बिले, दर पावसाळ्यात वाहून जाणारा तोच रस्ता, हे सारे झाले. मजुरी वेळेवर मिळत नाही, हे दुखणे जुने आहे. सूर्य मावळण्यापूर्वी मजुराला त्याची मजुरी दे, कारण त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते. आणि आपल्याकडे? २०२४ च्या जानेवारीपासून मजुरीसाठी आधारशी जोडलेले बँक खाते सक्तीचे झाले. चोरी थांबावी हा हेतू चांगला होता, पण नावातील एका अक्षराच्या फरकाने एखाद्या म्हातारीचे पैसे अडकले तर तिच्यासाठी सूर्य कित्येकदा मावळतो. चोराला पकडण्यासाठी लावलेली चाळणी आधी कोणाला अडवते, ते पाहायला हवे.

दुसरी तक्रार बागायतदारांची. योजनेमुळे मजूर मिळत नाहीत, मिळाले तर आळशी झालेले असतात, असे ते म्हणतात. आपल्यातही शेती असलेले काही जण तसे म्हणतात. बागेच्या मालकाची चिंता आम्ही हलकी मानत नाही. औषधांचे भाव, बँकेचे कर्ज आणि अवकाळी पाऊस त्याच्या डोक्यावर असतो. परंतु एक विसरू नये. १९९० पासून याच रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली गेली आणि खड्डे खणण्यापासून रोपे जगविण्यापर्यंत शेतकऱ्याला तिच्यातून पैसा मिळाला. दुष्काळी पट्ट्यात डाळिंबाचे मळे उभे राहिले त्यात या पैशाचाही वाटा आहे. पाझर तलाव भरले तेव्हा पाणी विहीरवाल्याच्या विहिरीत उतरले. तळ्यावर माती वाहणाऱ्या भूमिहीन बाईला विहीर नव्हतीच. तेव्हा मजुरांना फुकटचे मिळते असे म्हणताना थोडे थांबावे. शिवाय मजुराला दुसरीकडे काम मिळण्याची सोय असली की त्याला पडेल त्या दरात राबावे लागत नाही. तक्रारीचे मूळ कधी कधी इथे असते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे. मात्र खर्चाचा ४० टक्के भार बहुतेक राज्यांवर आला आहे, प्रत्येक राज्यासाठी निधीची मर्यादा केंद्र ठरविणार आहे, आणि पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षातून एकूण ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. समर्थक म्हणतात, दिवस वाढले, शेतकऱ्याला हंगामात मजूर मिळतील. विरोधक म्हणतात, मागेल त्याला काम या शब्दाच्या जागी पैसे असतील तर काम असे झाले. आपल्या चर्चमध्ये निरनिराळ्या पक्षांना मत देणारी माणसे एकाच बाकावर बसतात, आणि ते चांगलेच आहे. कोणाला मत द्यावे हे वेदीवरून सांगणे आमचे काम नाही.

पण कोणत्याही कायद्याला कोणता प्रश्न विचारावा, हे सांगणे आमचे काम आहे. पाच वाजता जे उभे आहेत त्यांचे काय? सहा आठवडे किंवा दोन महिने कामे बंद राहतील तेव्हा तासगावच्या बागेत कदाचित मजूर लागतील. पण ज्या वर्षी माणमध्ये पेरणीच होत नाही, त्या वर्षी तिथली बाई कोणाच्या शेतात जाणार? महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात म्हसवडला ढगांकडे पाहत बसावे लागते. एकच तारीख दोन्हीकडे हंगामाची असत नाही. बंदीचे दिवस ठरविणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवे, आणि ग्रामसभा ही त्यासाठीचीच जागा आहे.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांविषयीचे परिपत्रक लिहिले. मजुरी दोघांनी मान्य केली एवढ्याने ती न्याय्य ठरत नाही, मजुराचे साधे जगणे तिच्यातून भागले पाहिजे, असे त्यांनी शिकविले. आजचे पोप लिओ चौदावे यांनी मे २०२५ मध्ये तेच नाव घेताना या परिपत्रकाची आठवण सांगितली. आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमाविषयी लिहिताना एक फार उपयोगी कल्पना मांडली: अप्रत्यक्ष मालक. मजुराला जो हातात पैसे देतो तो प्रत्यक्ष मालक. पण त्याची मजुरी किती असावी, काम मिळावे की नाही, हे ठरविण्यात सरकार, कायदे, बाजार यांचाही हात असतो. ते सारे अप्रत्यक्ष मालक. कर भरणारे, मत देणारे, स्वस्त द्राक्षे शोधणारे आपणही त्यात आलो. म्हणजे या दाखल्यात आपण केवळ मजूर नाही, काही अंशी धनीही आहोत.

दाखला एक गोष्ट सांगत नाही: दुसऱ्या दिवशी काय झाले? धनी पुन्हा बाजारात आला का? औदार्य एका दिवसापुरते असेल तर पाच वाजता उभे राहणाऱ्याला उद्याची चिंता आहेच. आणि म्हणूनच दयेला कायद्याची जोड लागते. लेवीय ग्रंथात परमेश्वर मळ्याच्या मालकाला आज्ञा करतो की मळ्यात गळून पडलेली द्राक्षे गोळा करू नकोस, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. ती मालकाच्या मर्जीवर सोडलेली नव्हती, तो नियमच होता.

आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबे मजुरीवर जगतात, काहींच्या घरी धुणीभांडी करायला बाई येते. त्या बाईचा पगार महिन्याच्या किती तारखेला होतो, आणि ती आजारी पडली तर त्या दिवसाचे पैसे कापले जातात का, हे ज्याने त्याने घरी गेल्यावर पाहावे. ज्यांना गावात काम हवे आहे त्यांनी मागणी तोंडी करू नये. अर्ज लेखी द्यावा आणि तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून निघू नये, कारण पोच नसेल तर मागणी झालीच नव्हती असे सांगायला वेळ लागत नाही. आपल्यातील शिकलेल्या मुलामुलींनी मिस्सानंतर अर्धा तास बसून असे अर्ज लिहून द्यावेत आणि आधार व बँक खात्यातील नावे जुळतात का ते पाहावे. अर्ज ख्रिस्ती माणसाचा आहे की शेजारच्या हिंदू किंवा मुसलमान बाईचा, हे विचारू नये.