दत्तक लेकराचा गाव

परदेशातून दत्तक लेकरू न्यावयास पुण्यास आलेल्या जोडप्याने शनिवारवाडा पाहावा, पिंपळे गुरवच्या राजमाता जिजाऊ उद्यानात डायनासोरांचे प्रचंड पुतळे पाहत लेकरासह हिंडावे, ही निव्वळ चैन नव्हे काय, असे कोणी विचारील. आम्हांस तसे वाटत नाही. 1993 च्या हेग कराराप्रमाणे लेकराच्या मूळाची माहिती जपून ठेवावी लागते. भारताने तो 2003 साली स्वीकारला. परंतु दप्तरात नाव राहते, पवनेचा काठ राहत नाही.

लिसा स्थळेकर हिचेच पाहा. 1979 साली पुण्यात जन्मली, ससून रुग्णालयाच्या आवारातील श्रीवत्स संस्थेतून तान्हेपणीच दत्तक गेली, आणि 2013 साली ऑस्ट्रेलियाच्या संघातून महिला क्रिकेटचा विश्वचषक जिंकली. मोठेपणी ती श्रीवत्सात येऊन गेली. तान्ह्या जिवाला गाव कोठला आठवणार? तो त्याच्या वतीने आईबापांनीच डोळ्यांत साठवावा. पुढे लेकरू विचारीलच, आणि विचारण्याचा त्यास हक्क आहे.

लेकरू जाणते असले, तर गोष्ट निराळी. ते बागेत हात सोडवून संस्थेतल्या ताईकडे धावले, तर रागे भरू नये. तेही या दोन अनोळखी माणसांस पाहावयासच आले आहे, आणि त्याचे पाहणे अजून संपलेले नाही.