थंडावा मालेगावच्या हवेला विचारून

मालेगाव कॅम्प

चि. बाळूस,


सर्व्हर रूमसाठी तू नवी मुंबईतला आराखडा जसाच्या तसा उचलतो आहेस, असं ताई म्हणाली. सही करण्याआधी एवढं वाच.

तिथली ऐरोली-महापेची डेटा सेंटरं दमट हवेत उभी आहेत. हवा 33 अंशांवर आणि आर्द्रता 70 टक्के असली, तर कूलर ती 28 च्या खाली नेऊ शकत नाही. त्यामुळे तिथे चिलर लागतातच. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 वर गेला, तरी आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास असेल तर चांगला कूलर तीच हवा 26 पर्यंत उतरवतो. सर्व्हरच्या तोंडाशी 18 ते 27 अंश असावेत, अशी ‘अ‍ॅश्रे’ या संस्थेची शिफारस आहे. मग एसी 18 वर लावून वीज का जाळायची?

मात्र कूलरने ओली केलेली बाहेरची हवा थेट आत सोडू नकोस. यंत्रमागांच्या गावात हवेत सुताचे तंतू असतात. ते पंख्यांत आणि हीटसिंकमध्ये अडकतात. मध्ये हीट एक्स्चेंजर घाल. थंडावा दोन-तीन अंशांनी कमी पडेल, ती उणीव एसीने भर.

पाण्याचाही हिशेब मांड. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण 0.67 युनिट उष्णता नेतं. म्हणजे 20 किलोवॅटच्या सर्व्हरांना तासाला तीसेक लिटर हवं, दिवसाला सातशेवर. गिरणा आणि चणकापूर धरणांवर तहान भागवणाऱ्या गावात ऐन उन्हाळ्यात ते मिळेलच असं धरू नकोस. पूर्ण भार पेलणारा एसी राखीव ठेव. बोअरचं पाणी जड असेल तर पॅडवर क्षार बसतील. पावसाळ्यात कूलर निकामीच. हिवाळ्याच्या रात्री मात्र पाणीही नको, बाहेरची थंड हवा एक्स्चेंजरमधून फिरवली की पुरे.

वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली सोड. तापलेला स्लॅब रात्रीही उष्णता देतो. तळमजल्याची, उत्तरेची बघ.

सर्व्हरच्या विजेला वेगळा मीटर बसव. एकूण विजेला त्या आकड्याने भागलं की पीयूई मिळतो. तो 1.5 आला, तर सर्व्हरच्या दर दोन युनिटांमागे एक युनिट इतरत्र खर्च होतंय. दर महिन्याला लिही; वर्षाच्या सरासरीत मे महिना लपतो.

कंत्राटदाराकडून मालेगावच्या हवामानावर केलेलं महिनावार गणित लेखी माग. ते देता आलं नाही, तर सही करू नकोस.

तुझा,
मामा