दुःख आणि त्याचा ठेका

एमी वाइनहाउस या लंडनच्या गीतकार-गायिकेचा ‘बॅक टू ब्लॅक’ हा दुसरा आणि तिच्या हयातीतला अखेरचा अल्बम ऑक्टोबर २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून त्याच्याकडे बहुधा कबुलीजबाब म्हणूनच पाहिले गेले आहे. प्रियकर आपल्या आधीच्या प्रेयसीकडे परत गेला, मागे राहिलेल्या तरुणीने आपला आकांत गाण्यांत ओतला आणि जगाने तो ऐकला, असे त्याचे सरधोपट वर्णन केले जाते. जुलै २०११ मध्ये वयाच्या २७व्या वर्षी तिचा मृत्यू झाल्यावर तर ही गाणी त्या शेवटाची पूर्वसूचना म्हणून ऐकली जाऊ लागली. या वर्णनातला चरित्राचा भाग खरा आहे. पण दुःख ओतल्याने गाणे होत नाही. स्वतःचे दुःख आणि स्वतःचे गाणे यांच्यामध्ये तिने मेहनतीने जे अंतर निर्माण केले, त्यातच या अल्बमचे मोठेपण आहे, आणि कबुलीजबाब शोधणाऱ्या श्रोत्याच्या हातून नेमके तेच निसटते.

भारतीय काव्यशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. क्रौंचवधाच्या प्रसंगी वाल्मीकीच्या शोकाचा श्लोक झाला, या आनंदवर्धनाच्या विधानावर भाष्य करताना अभिनवगुप्ताने स्पष्ट केले, की तो शोक मुनीचा व्यक्तिगत शोक मानता येणार नाही, कारण जो स्वतः दुःखाने होरपळत आहे त्याच्याकडून त्या अवस्थेत काव्यनिर्मिती संभवत नाही. भावनेला चिकटलेले ‘माझे’ आणि ‘त्याचे’ हे संबंध गळून पडून ती कोणाही सहृदयाला आस्वाद्य होणे, या प्रक्रियेला काव्यशास्त्रात साधारणीकरण म्हणतात. वाल्मीकीच्या बाबतीत हे अंतर प्रसंगातच होते, कारण विरह पक्ष्याचा होता आणि पाहणारा ऋषी होता. वाइनहाउसच्या बाबतीत मात्र सोसणारी, लिहिणारी आणि गाणारी व्यक्ती एकच आहे, आणि म्हणून हे अंतर तिला कुठून मिळाले, हे पाहावे लागते.

ते तिला एका जुन्या परंपरेतून मिळाले. १९६०च्या दशकात अमेरिकेत तरुण मुलींच्या गायनचमूंची लाट आली होती. प्रेमभंग, ताटातूट, प्रियकराचा अपघाती मृत्यू असे विषय या मुली गात, परंतु त्या गाण्यांचे शब्द आणि चाली बहुतेक वेळा व्यावसायिक गीतकारांनी रचलेल्या असत, म्हणजे तिथे रडणारा आवाज एकाचा आणि दुःखाची रचना दुसऱ्याची, अशी विभागणी मुळातच होती. ‘द शांग्री-लाज’ हा त्यांपैकी सर्वांत नाट्यमय चमू वाइनहाउसला विशेष प्रिय होता. मार्क रॉन्सन या संगीत-निर्मात्याला, म्हणजे गाणे कोणत्या वाद्यांवर, कोणत्या लयीत आणि कशा ध्वनीत मुद्रित व्हावे हे ठरवणाऱ्या कलावंताला, तिने ही जुनी गाणी ऐकवली, आणि त्यांतून शीर्षकगीताचा पियानो व ठेका जन्माला आला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील ‘डॅप-किंग्ज’ हा जुन्या सोल संगीताचा बाज जपणारा वाद्यवृंद अल्बममधील रॉन्सनच्या गाण्यांना साथीला होता. २००३ मधील ‘फ्रँक’ या तिच्या पहिल्या अल्बमात जॅझच्या वळणाची, ऐसपैस आणि बोलघेवडी गाणी होती; इथे तिने स्वतःला आखीव, आटोपशीर साच्यात बसवले. दुसऱ्यांसाठी रचलेल्या दुःखाचा तो साचा तिने स्वतःच्या दुःखाला लावला, आणि अभिनवगुप्ताला अपेक्षित असलेले अंतर त्या उसन्या रूपबंधाने पुरवले.

याचा सर्वांत बोलका पुरावा ‘टीअर्स ड्राय ऑन देअर ओन’ या गाण्यात आहे. हे गाणे मूळचे संथ लयीतले, विलापाकडे झुकणारे होते. ते मूळ रूप तिच्या मृत्यूनंतर २०११ अखेरीस निघालेल्या ‘लायनेस’ या संग्रहात ऐकायला मिळते आणि ते सुंदरही आहे. परंतु सलाम रेमी या अल्बमच्या दुसऱ्या निर्मात्याने त्याची लय वाढवली आणि ते मार्विन गे व टॅमी टेरेल यांच्या १९६७ मधील ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’ या युगुलगीताच्या स्वरावळीवर बसवले. ते युगुलगीत म्हणजे कोणताही अडथळा आपल्याला एकमेकांपासून दूर ठेवू शकणार नाही अशी उल्हसित ग्वाही. तिच्याच पायावर आता एकटी उरलेली स्त्री आपले अश्रू आपोआप सुकतील असे स्वतःला बजावते. ज्या श्रोत्याला जुने गाणे ठाऊक आहे त्याला न पाळल्या गेलेल्या वचनाची पार्श्वभूमी सतत ऐकू येत राहते, आणि ज्याला ते ठाऊक नाही त्याच्याही पायांना ठेका धरावासा वाटतो, तर शब्द मात्र उलट दिशेला ओढत असतात. संथ रूपात गायिका दुःखात आहे एवढेच कळते. द्रुत रूपात ती दुःखात असूनही चालत राहिली आहे हे कळते, आणि हा अर्थ शब्दांत कुठेही नाही, तो केवळ लयीत आहे. विलाप बाजूला ठेवून हे रूप अल्बमात आले, हा कलात्मक निर्णय होता, आणि तो कबुलीजबाबाच्या कल्पनेत बसत नाही.

अर्थात साधारणीकरणाची पारंपरिक कल्पना इथे जशीच्या तशी लागू पडत नाही, हेही मान्य केले पाहिजे. व्यक्तिगत तपशील गळून पडावेत अशी त्या कल्पनेची अपेक्षा. वाइनहाउसच्या शब्दांत मात्र बिअर आहे, चिप्स आहेत, स्वतःच्या प्रतारणेची उघड नोंद आहे, लंडनच्या कॅमडन भागातल्या रस्त्यांवरची रोखठोक बोली आहे. भावना सर्वांची होते ती हे तपशील पुसल्यामुळे नव्हे, तर ते एका ओळखीच्या, अनेकांनी आधी वापरलेल्या चौकटीत ठेवल्यामुळे. शीर्षकगीताच्या मध्यावर ठेका थांबतो, घंटेच्या टोल्यांसारखा नाद उरतो आणि शीर्षकातला काळ्या रंगाचा शब्द पुन्हा पुन्हा येतो. एवढी उघड नाट्यमयता कोणी प्रत्यक्ष रडताना साधत नाही, ती रचनाकाराची आहे.

फेब्रुवारी २००८ मध्ये मुख्यतः या अल्बमसाठी आणि त्यातील ‘रिहॅब’ या गाण्यासाठी तिला एकाच रात्री पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले, पण तोवर वृत्तपत्रांचे लक्ष तिच्या व्यसनावर आणि संसारावर खिळले होते. आसिफ कपाडिया यांचा २०१५ मधील ‘एमी’ हा माहितीपटही, त्यामागची कळकळ निःसंशय असली तरी, गाण्यांचे शब्द पडद्यावर उमटवून त्यांना चरित्राच्या त्या त्या क्षणाशी जोडतो. तो पाहणाऱ्याला ती कोणामुळे दुखावली हे नेमके कळते. तिने ते दुःख कसे घडवले हे त्या मानाने कमी कळते, आणि एवढ्या कुशल कलावंताच्या वाट्याला हे यावे, हा तिच्यावर झालेला मोठा अन्याय आहे.

केंब्रिज विद्यापीठाने २००८ मध्ये इंग्रजी साहित्याच्या अंतिम परीक्षेत वेगळी वाट धरली. सोळाव्या शतकातील वॉल्टर रॅली याच्या गीताची तुलना वाइनहाउस, बिली हॉलिडे किंवा बॉब डिलन यांच्यापैकी एकाच्या गीताशी करावी, असा प्रश्न तिथे विचारला गेला, आणि वाइनहाउसचे ‘लव्ह इज अ लूझिंग गेम’ हे गीत त्यासाठी निवडले गेले. निवड अचूक होती, कारण अवघ्या अडीच मिनिटांच्या त्या गाण्यात अंतर निर्माण करण्याचे काम शब्दच करतात: पत्ते, डाव, पैज अशा जुगाराच्या प्रतिमांची मालिका शेवटपर्यंत टिकते आणि प्रियकर त्यात जवळजवळ दिसतच नाही. ‘टीअर्स ड्राय’ तसेच कागदावर छापून दिले असते, तर परीक्षार्थीच्या हाती गाण्याचे निम्मेच अंग आले असते, कारण त्या गाण्यात जे काम लयीने केले आहे ते वाचून कळण्यासारखे नाही.